१८ घनइंचांतली गर्दी

भिंतीवरचा स्विच सगळ्यांना दिसतो. त्याच्यामागच्या डब्यात काय कोंबलंय, ते फक्त वायरमनला ठाऊक असतं. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये, खुद्द एडिसनचं नाव लावणाऱ्या गावाच्या आसपास, मी बरीच वर्षं हीच कामं केली. तिथे भिंत बंद होण्याआधी इन्स्पेक्टर येतो आणि डबा न डबा तपासतो.

एका स्वयंपाकघरात आमच्यातल्या सर्वांत मुरलेल्या मिस्त्रीने १८ घनइंचांच्या डब्यात १२ गेजच्या तीन केबल उतरवल्या. वायरींची घडी अशी सुबक की पाहत राहावं. इन्स्पेक्टर मात्र बोटावर मोजायला लागला. प्रत्येक वायरीला २.२५ घनइंच, सहा वायरींचे १३.५. अर्थिंगच्या तिन्ही मिळून एकच धरायची, म्हणजे आणखी २.२५. पुढे बसणाऱ्या सॉकेटच्या नावाने दोन वायरींची जागा, ४.५. बेरीज २०.२५. काम नापास! मिस्त्री खाली गेला आणि २२.५ घनइंचांचा डबा घेऊन आला. तो सकाळपासून त्याच्याच गाडीत पडून होता.

आमच्यात एक कोल्हापूरचा होता, एक ग्वाटेमालाचा. डब्यातच जोडून सॉकेटपर्यंत नेलेला वायरीचा छोटा तुकडा मोजायचा की नाही, यावरून दोघांचं दोन दिवस बोलणं बंद. कोल्हापूरकर म्हणे, "वायर ती वायर, जागा खातेच की!" शेवटी नियमांचं पुस्तक उघडलं. डब्यातच सुरू होऊन डब्यातच संपणारा तुकडा मोजत नाहीत, ग्वाटेमालावाला जिंकला. तरी कोल्हापूरकराने आपल्या खोल्यांत हट्टाने खोल डबेच लावले. वर्षभराने घरमालकाला सगळीकडे स्मार्ट स्विच हवे झाले. त्यांचं धूड जाडजूड, पण पुस्तकाच्या हिशेबात तेही दोनच वायरींचे. कोल्हापूरकराच्या खोल्यांत ते अलगद बसले. बाकीच्या खोल्यांत आम्ही अख्खा दिवस घाम गाळला.

तिसरा प्रसंग आठवला की आजही पोटात गोळा येतो. जुन्या घरातल्या बेडरूमचं सॉकेट अधूनमधून बंद पडायचं. "ब्रेकर एकदाही पडलेला नाही," असं मालक अभिमानाने सांगत होते. मी सॉकेट ओढून बाहेर काढलं. १२.५ घनइंचांच्या लोखंडी डब्यात १४ गेजच्या दोन केबल. या वायरीला २ घनइंच लागतात. चार वायरींचे ८, अर्थिंगचे २, आतल्या क्लॅम्पचे २, सॉकेटचे ४, एकूण १६. दाबून बसवताना एक जोड सैल झाला होता आणि त्याच्याभोवतीचं आवरण जळून काळं पडलं होतं. सैल जोड तापतो, पण करंट मर्यादेतच राहतो, म्हणून ब्रेकर गप्प. त्या सॉकेटला टेकूनच पलंगाची लाकडी पाठ होती.

गेल्या वर्षी पुण्यात आईच्या घराचं वायरिंग नव्याने केलं. एका बोर्डात वायरी अंगठ्याने रेटत वायरमन म्हणाला, "दादा, बसतंय की!" मी त्याला थांबवलं, तिथे खोल डबा मागवला आणि प्लास्टर एक दिवस पुढे ढकललं. तुमच्या घरी काम निघालं, तर प्लास्टर चढण्याआधी प्रत्येक डब्यासमोर उभं राहून वायरी मोजा, आणि दाटी वाटली तर तिथल्या तिथे मोठा डबा मागा.