आपल्या दारचे ई-टपाल

नवी पेठ ही सोलापूर शहरातील गजबजलेली बाजारपेठ. तेथील एखादा चादरींचा व्यापारी दुकानाच्या पाटीवर आपले नाव मोठ्या अक्षरांत रंगवून घेतो. ई-मेलचा पत्ता मात्र परक्या कंपनीच्या फुकट खात्याचा देतो. खाते उघडणारा नोकर काम सोडून गेला, की परवलीचा शब्दही त्याच्याबरोबर जातो आणि अनेक वर्षांच्या मागण्या व हिशेब हाताबाहेर जातात. पतसंस्था आणि शाळा यांच्यावरही हाच प्रसंग ओढवू शकतो. यावर एक उपाय म्हणजे लिनक्स या मुक्त प्रणालीवर स्वतःचा मेल सर्व्हर उभारणे. शासकीय कार्यालयांनी मात्र विभागाने ठरवून दिलेली सेवाच वापरावी, हे सांगणे अगत्याचे आहे.

मेल सर्व्हर म्हणजे एकच यंत्रणा नव्हे. टपालाची ने-आण करणारा एक भाग असतो व आलेले टपाल पेटीत सांभाळून धन्याच्या हाती देणारा दुसरा. ने-आण करण्याच्या कामी सेंडमेल हे सर्वांत जुने. एरिक ऑलमन यांनी ते १९८०च्या दशकाच्या आरंभी रचले. त्याची मांडणी नवख्याला चक्रावून टाकणारी आहे. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ साली सुरू केलेले एक्झिम लवचीक आहे. तथापि नवशिक्याने वीट्से वेनेमा यांचे, १९९८ साली खुले झालेले पोस्टफिक्स निवडावे. त्याची कामे लहान लहान स्वतंत्र भागांत वाटलेली असल्याने एका भागातील दोष सहसा सर्वत्र पसरत नाही. पेटी सांभाळण्यासाठी त्याच्या जोडीला डव्हकॉट हे सोयीचे ठरते.

डेबियन अथवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत पोस्टफिक्स बसविताना सर्व्हरचा प्रकार विचारला जातो. तेथे 'इंटरनेट साइट' हा पर्याय घ्यावा. पुढील नियम 'मेन.सीएफ' या फायलीत असतात. त्यांतील 'मायनेटवर्क्स' ही ओळ डोळ्यांत तेल घालून तपासावी. कोणाचे टपाल बिनशर्त पुढे पाठवावे, हे ती ठरविते. ती सैल राहिली तर भामटे लोक आपल्याच दारातून हजारो फसवी पत्रे धाडतात आणि दोन-चार दिवसांत आपला पत्ता जगभरच्या काळ्या यादीत जातो. तेथून नाव काढून घेणे मोठे कष्टाचे असते.

खरी अडचण सॉफ्टवेअरची नाही, पत राखण्याची आहे. घरगुती जोडणीवर २५ क्रमांकाचे द्वार बहुधा बंद असते; म्हणून स्थिर पत्ता असलेला भाड्याचा सर्व्हर घेणे बरे. त्या पत्त्यावरून नाव उलट शोधता येईल अशी नोंद सेवा देणाऱ्याकडून करून घ्यावी. आपल्या डोमेनच्या नोंदींत एमएक्सखेरीज एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क याही नोंदी हव्यात. पत्र खरोखर आपल्याकडूनच निघाले, याची ती ओळखपत्रे होत. फेब्रुवारी २०२४पासून गुगल व याहू यांनी याबाबतचे नियम कडक केले असून, ही ओळख नसलेली पत्रे नाकारली जातात किंवा नको असलेल्या टपालात पडतात.

वीज गेली की टपाल बुडेल, ही भीती मात्र फारशी खरी नाही. समोरचा सर्व्हर पत्र रांगेत ठेवून पुनःपुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्सची मूळ मुदत पाच दिवसांची आहे.

देवनागरी पत्त्याचीही सोय आता झाली आहे. '.भारत' हे डोमेन २०१४ साली खुले झाले आणि पोस्टफिक्सने २०१५च्या तिसऱ्या आवृत्तीत अशा पत्त्यांना मान्यता दिली. मात्र दोन्ही बाजूंच्या सर्व्हरना हे मान्य असावे लागते; त्यामुळे तूर्त रोमन लिपीतील पत्ताही सोबत ठेवावा.

पहिले दोन-तीन महिने जुना पत्ता बंद करू नये. रोज सकाळी मेलची नोंदवही उघडून कोणती पत्रे परत आली ते पाहावे आणि पेट्यांची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. हे काम करणारी निदान दोन माणसे संस्थेत तयार असावीत.