गुरुवार, तोनालाचा बाजार

सकाळी ६.
पुण्यात संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे आईच्या फोनची वेळ. मेक्सिकोने २०२२ साली उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणं बंद केलं, तेव्हापासून आमच्यातलं साडेअकरा तासांचं अंतर बारा महिने तेवढंच राहतं. "आज कुठे?" "बाजारात." "अगं, परवाच गेली होतीस ना?" परवाचा भाजीचा होता. आमच्या ग्वादलाहाराला लागून असलेल्या तोनालाचा गुरुवारी आणि रविवारी भरतो, आणि रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

सकाळी ७.३०.
नवऱ्याचा डबा. ग्वादलाहाराचं घड्याळ अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना सोयीचं, म्हणून आयटी कंपन्या इथे, आणि म्हणून आम्हीही. आज पोळ्यांना सुट्टी. कोपऱ्यावरच्या तोर्तियेरियात चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या तोर्तिया किलोवर मिळतात. गरम असताना त्यावर लसणाची चटणी लावून बघा.

सकाळी ९.
सापोपानहून मेट्रोची तीन नंबरची लाइन. शहराच्या मध्यात ती जमिनीखाली जाते, पुन्हा वर येते आणि मोठ्या बसस्थानकापाशी संपते. तिथून टॅक्सी.

सकाळी १०.
मैत्रीण आधीच आलेली. ती कॅनडाची, निवृत्त, चापाला सरोवराकाठी आहीहीकला राहते. तिकडे अमेरिकन आणि कॅनेडियन पेन्शनरांची इतकी वस्ती आहे की स्पॅनिशवाचून फारसं अडत नाही. हिचंही अडत नाही, भाव करताना सोडून. तेव्हा मी दुभाषी.

तोनाल्तेकास रस्त्याच्या दोन्ही अंगांना ताडपत्र्या लागलेल्या असतात. फुंकलेल्या काचेचे निळ्या कडेचे पेले, कागदाच्या लगद्याचे पोपट, भिंतीवर लावायचे मातीचे सूर्य. अधूनमधून सरळ कारखान्यातून आलेला प्लॅस्टिकचा माल. नवखा माणूस इथेच पिशवी भरतो. खरी तोनाला मागच्या गल्ल्यांत आहे, जिथे घराच्या पुढच्या खोलीत दुकान आणि मागे भट्टी असते. दगडाने घासून चकचकीत केलेली भांडी, आणि ज्यावर चटईच्या विणीसारख्या बारीक रेघा हाताने भरतात ते पेतातियो, दोन्ही इथलंच काम. रेघा भरणाऱ्या माणसाशेजारी पाच मिनिटं उभं राहिलं की किंमत महाग वाटेनाशी होते.

मला हवा होता पाण्याचा माठ. इथे दालचिनी रंगाच्या मातीचे, झिलई नसलेले मिळतात. पाणी गार होतं आणि त्याला मातीचा वास येतो. आमटीसाठी झिलईचं पातेलंही बघितलं, पण तिथे सावध राहावं लागतं. मेक्सिकोत कमी आचेवर भाजलेल्या भांड्यांच्या झिलईत शिसं वापरण्याची जुनी रीत आहे, आणि चिंच-टोमॅटोसारख्या आंबट पदार्थांत ते उतरतं. "सिन प्लोमो?" असं विचारलं. बाई प्रामाणिक निघाल्या: "हे शोभेचं. स्वयंपाकाचं त्या फळीवर." त्या फळीवरचं घेतलं.

मैत्रिणीने मात्र पेतातियोच्या ताटलीचा भाव पाडायला सांगितलं. मी ते भाषांतर केलंच नाही. तुळशीबागेत मीही घासाघीस करते, पण तिथे दुकानदार आणि मी एकाच चलनात कमावतो. पेन्शन डॉलरमध्ये घ्यायची आणि आठवडाभर रेघा भरणाऱ्याकडून पन्नास पेसो सोडवायचे, ह्याला व्यवहार म्हणत नाहीत. ती थोडी फुगली. मग पूर्ण पैसे देऊन ताटली घेतली.

दुपारी १२.३०.
भोपळ्याच्या फुलांची केसादिया. सोबतच्या राजम्याला आधी "मान्तेका आहे का?" विचारायचं, कारण तो बहुधा डुकराच्या चरबीत परतलेला असतो. आज होता, म्हणून नको म्हटलं. वर तेहुइनो: आंबवलेल्या मक्याचं, गुळाचं, लिंबू-मीठ घातलेलं पेय, त्यात लिंबाच्या बर्फाचा गोळा. पहिल्यांदा नाक मुरडलं होतं. आता मीच मैत्रिणीला आग्रह करते.

दुपारी ३.
घराजवळच्या मंडईत वेर्दोलागास, म्हणजे आपली घोळ. इथे ती डुकराच्या मांसात घालतात, मी मुगाच्या डाळीत. शेजारी आलेग्रिया, म्हणजे राजगिऱ्याची वडी. राजगिरा मूळचा ह्याच भागातला; एकादशीला आपण मेक्सिकोचंच धान्य खातो. दोन वड्या घेतल्या. इथल्या भारतीयांच्या गप्पांत नेहमी "आपलं काही मिळत नाही" अशी तक्रार असते. मिळतं, फक्त त्यावर आपल्या भाषेतली पाटी नसते.

संध्याकाळी ६.
माठ पाण्याने भरून ठेवला. नवरा विचारतो, "केवढ्याला?" सांगितलं. "भाव नाही केलास?" नाही.

तोनालाला जाणार असाल तर गुरुवारी जा, सकाळी दहाच्या आत पोहोचा, सुट्टे पेसो आणि जुनी वर्तमानपत्रं बरोबर न्या. रस्त्यावरच्या ताडपत्रीखाली हवी तेवढी घासाघीस करा. ज्याच्या मागे भट्टी दिसते, त्याच्या दारात मात्र करू नका.