विश्लेषण : कमी खर्चात समुद्रकिनारी मुक्काम... हॉटेल नसलेल्या वेळासचे गणित काय?

सलग सुट्ट्या आल्या की अलिबाग, तारकर्ली, गोव्यातील खोल्यांचे दर दुप्पट होतात आणि पाठीवर सॅक टाकून निघणाऱ्यांचा बेत तिथेच फसतो. अशांसाठी रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकावरचे वेळास हा पर्याय गेली काही वर्षे चर्चेत आहे. या गावात मोठी हॉटेले नाहीत, वॉटर स्पोर्ट्स नाहीत, रात्री गजबजणारा बाजार नाही. तरीही फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान इथे जागा मिळणे कठीण होते. इथला मुक्काम स्वस्त का, तो पैसा कुठे जातो आणि गावाला हे परवडते का, याविषयी...

वेळास नेमके कुठे आहे?

वेळास हे मंडणगड तालुक्यातील किनाऱ्यालगतचे छोटे गाव. सावित्री नदी जिथे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते, तिथून ते जवळच आहे. खाडीच्या पलीकडे रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर आणि श्रीवर्धन. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे हे मूळ गाव. गावाजवळच बाणकोटचा किल्ला आहे. त्याला हिंमतगड असेही म्हणतात. अठराव्या शतकात तो ताब्यात आल्यावर इंग्रजांनी त्याचे नाव ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असे ठेवले होते. कौलारू घरे, नारळी-पोफळीच्या वाड्या, आंब्याच्या बागा आणि वस्तीपासून थोडा दूर असलेला किनारा अशी गावाची रचना आहे. घरे आणि वाळू यांच्यात हे अंतर असल्यामुळे रात्री किनाऱ्यावर अंधार आणि शांतता टिकून आहे.

हॉटेल नाही, मग राहायचे कुठे?

गावकऱ्यांच्या घरात. घरातली एखादी मोकळी खोली, माडी किंवा पडवी पाहुण्यांना दिली जाते. अनेक ठिकाणी गाद्या जमिनीवर घातलेल्या असतात आणि स्वच्छतागृह सामायिक असते. चहा, नाश्ता आणि दोन वेळचे जेवण धरून माणशी एका दिवसाचा दर ठरतो. तो साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर असतो. हंगाम, घर आणि सोय यांनुसार बदलतो. त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून दर, जेवणाच्या वेळा आणि झोपण्याची सोय विचारून घेणे चांगले.

दर कमी असण्याचे कारण सोपे आहे. घर आधीपासून उभे आहे. त्यासाठी कर्ज काढलेले नाही, नोकरवर्ग नाही, जाहिरात नाही. घरातलीच माणसे स्वयंपाक करतात. नारळ, कोकम, आंबा वाडीतला असतो. बहुतेक घरांत जेवण शाकाहारी असते. आमटी-भात, भाजी, सोलकढी आणि सांगून ठेवल्यास उकडीचे मोदक. मासळी हवी असणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. पाहुण्यांचा आकडा कळल्यावर तेवढाच स्वयंपाक होतो, म्हणून न कळवता दारात उभे राहणे घरच्यांनाही अडचणीचे ठरते.

याची सुरुवात कशी झाली?

सुरुवात पर्यटनातून झाली नाही, ती कासवांमुळे झाली. वेळासच्या किनाऱ्यावर ‘ऑलिव्ह रिडले’ जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालतात. पूर्वी ही अंडी खाण्यासाठी किंवा विकण्यासाठी उकरून नेली जात. उरलेली कोल्ही-कुत्री फस्त करत. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने इथे संरक्षणाचे काम हाती घेतले. गावातील तरुणांनी रात्री-पहाटे किनाऱ्यावर गस्त घालायची, घरटे सापडले की अंडी कुंपण घातलेल्या हॅचरीत तशाच खड्ड्यात ठेवायची आणि पिल्ले बाहेर आली की समुद्रात सोडायची, अशी ही पद्धत. वन विभागही या कामात सहभागी आहे.

हे काम फक्त आवाहनावर वर्षानुवर्षे चालणे कठीण होते. पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येऊ लागले, २००६ च्या सुमारास ‘कासव महोत्सव’ सुरू झाला आणि आलेल्या पाहुण्यांना राहायला जागा हवी म्हणून घरांची दारे उघडली. अंडी विकून एकदाच पैसे मिळत. घरटे राखले तर दर हंगामात पाहुणे येतात, हे गावाच्या लक्षात आले. जानेवारी २०२२ मध्ये इथल्याच किनाऱ्यावर ‘प्रथमा’ असे नाव दिलेल्या मादीला उपग्रह टॅग बसवून सोडण्यात आले, तेव्हा वेळासचे नाव पुन्हा चर्चेत आले.

कमी खर्चात पोहोचायचे कसे?

मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांपासून वेळास साधारण दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. स्वस्त मार्ग एसटीचा. मंडणगडपर्यंत एसटीने जाऊन पुढे वेळास-बाणकोट भागात जाणारी गाडी पकडता येते. या फेऱ्या मोजक्या असतात. शेवटची गाडी चुकली तर खासगी रिक्षाचे भाडे सगळ्या प्रवासाच्या तिकिटापेक्षा जास्त होऊ शकते. म्हणून मंडणगडला दुपारपर्यंत पोहोचेल अशा बेताने निघावे. रेल्वेने येणाऱ्यांना कोकण रेल्वेची माणगाव किंवा वीर ही स्थानके सोयीची. तिथून पुन्हा एसटी.

दुसरा मार्ग श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडून. बागमांडला ते वेसवी अशी फेरीबोट खाडी ओलांडते. तीत माणसांबरोबर दुचाकी आणि मोटारीही चढतात. वेसवीला उतरून रिक्षाने वेळास गाठता येते.

एसटीच्या सवलती इथे कामी येतात. १७ मार्च २०२३ पासून राज्यात सर्व महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत आहे. ६५ ते ७५ वर्षे वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट, तर ७५ वर्षांपुढील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. वेळाससोबत केळशी, आंजर्ले, हर्णै, गुहागर असा किनारा धरून फिरायचे असेल तर चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास घेण्याचा विचार करावा. एकाच गावी जाऊन परतणाऱ्याला मात्र त्याचा फारसा फायदा नाही. जानेवारी २०२५ मध्ये एसटीची भाडेवाढ झाली आहे, त्यामुळे जुन्या दरांवर हिशेब मांडू नये.

खर्च वाढतो तो कुठे?

मुक्काम आणि जेवण एकाच दरात असल्याने गावात पोहोचल्यावर खर्च करायला फारशा जागाच उरत नाहीत. किनारा, भैरी-रामेश्वराचे मंदिर, वाड्यांमधल्या पायवाटा हे सगळे पायी होते. बाणकोटचा किल्लाही चालायची सवय असणाऱ्यांच्या आवाक्यात आहे. बजेट कोलमडते ते तीन ठिकाणी. एकट्याने रिक्षा किंवा गाडी करणे, ऐनवेळी शनिवार-रविवारचा मुक्काम शोधणे आणि एका दिवसात चार ठिकाणे उरकण्याची घाई. आठवड्याच्या मधल्या दिवशी गेले तर जागा सहज मिळते, किनाऱ्यावर गर्दी नसते आणि घरच्यांनाही पाहुण्यांशी बोलायला वेळ असतो. मोबाइलचे नेटवर्क बेभरवशाचे असल्याने थोडी रोकड जवळ असावी.

कधी जावे, कधी टाळावे?

माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्चदरम्यान अंडी घालतात आणि ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात. त्यामुळे पिल्ले पाहायची तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ. केवळ शांतता हवी असेल तर डिसेंबर-जानेवारी उत्तम : हवा थंड आणि गाव निवांत. मे महिन्यात चाकरमानी गावी आलेले असतात, घरे भरलेली असतात आणि विहिरी तळाला गेलेल्या असतात. पावसाळ्यात कोकण देखणे दिसते, पण समुद्र खवळलेला असतो, रस्त्यांवर दरडी येतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असल्याने शेजारच्या बंदरांतही ताजी मासळी कमी आणि महाग असते.

कासवे नक्की दिसतात का?

याची हमी कुणीच देऊ शकत नाही. ओडिशातील गहिरमाथा किंवा ऋषिकुल्या येथे हजारो माद्या एकाच वेळी किनाऱ्यावर येतात. कोकणात त्या एकेकट्या येतात. एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी असतात, पण कोणत्या दिवशी किती पिल्ले वर येतील हे सांगता येत नाही. सकाळी आणि संध्याकाळी हॅचरीतील टोपल्या उचलून पाहिल्या जातात. पिल्ले असतील तर सोडली जातात, नसतील तर पाहुणे परततात. दोन रात्रींचा मुक्काम असेल तर चार संधी मिळतात. एका दिवसाच्या धावत्या सहलीत अनेकदा निराशाच पदरी येते.

नियम मोजके आहेत. दोरीच्या मागे उभे राहायचे, पिल्लांना हात लावायचा नाही, फ्लॅश किंवा टॉर्च वापरायची नाही. पिल्ले क्षितिजावरच्या उजेडाच्या रोखाने समुद्राकडे जातात. मागून दिवा दिसला तर त्यांची दिशा चुकते. ही कासवे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे त्यांना किंवा अंड्यांना उपद्रव देणे हा गुन्हा आहे.

स्वस्त प्रवास गावाला परवडतो का?

पैसे किती खर्च होतात यापेक्षा ते कुठे खर्च होतात, यावर हे अवलंबून आहे. एसटीने येऊन दोन दिवस एका घरात राहणारा पाहुणा थोडेच पैसे खर्च करतो, पण ते जवळजवळ सगळे त्या घरात, गावातल्या रिक्षावाल्याकडे आणि कोकम-आंबापोळी विकणाऱ्या बाईंकडे जातात. स्वतःची गाडी आणि शहरातून आणलेले खाणे घेऊन दिवसभरासाठी येणारा माणूस पेट्रोलवर त्याहून जास्त खर्च करतो. गावाच्या वाट्याला मात्र धूळ आणि कचराच येतो.

पाण्याचा प्रश्न वेगळा. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जांभ्या दगडात तो साठून राहत नाही, झिरपून समुद्राला मिळतो. पाहुण्यांचा हंगाम आणि टंचाईचा हंगाम एकाच वेळी येतो. पाहुण्याने बादलीभर पाण्यात आंघोळ उरकली तर विहिरीवरचा ताण कमी होतो. कचऱ्याचेही तसेच. लहान ग्रामपंचायतीकडे प्लॅस्टिकची विल्हेवाट लावणारी यंत्रणा नसते. वेफर्सची पाकिटे आणि बाटल्या परत नेणे हाच व्यवहार्य मार्ग. माणशी दरात घासाघीस करण्याआधी त्यात दोन वेळचे जेवण आणि कुणाचे तरी पहाटेपासूनचे श्रम धरलेले आहेत, हे आठवावे.

समुद्रात उतरताना काय काळजी घ्यावी?

शांत किनारा म्हणजे सुरक्षित समुद्र नव्हे. अशा किनाऱ्यांवर गर्दी नसते, म्हणजे मदतीला धावणारेही नसतात. भरती-ओहोटीच्या वेळा घरमालकाला विचाराव्यात. ओहोटीला पाणी आत ओढते, अशा वेळी आणि अंधार पडल्यावर पाण्यात जाऊ नये. परतीच्या प्रवाहात सापडल्यास थेट किनाऱ्याकडे झगडत न येता किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे. खाडीच्या मुखाशी पोहणे टाळावे.

पुढे काय?

कोकणच्या किनाऱ्याने जाणारा रेवस-रेड्डी सागरी महामार्ग आणि त्यावरील खाडीपूल पूर्ण झाले की उत्तर रत्नागिरीतली ही गावे मुंबईच्या आणखी जवळ येतील. गावकऱ्यांना दवाखाना, शिक्षण, बाजार यांसाठी हे रस्ते हवे आहेत आणि ती मागणी रास्तच आहे. पण रस्त्याबरोबर जमिनीला भाव येतो, रिसॉर्ट येतात, दिवे येतात. कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार सर्वाधिक संरक्षित अशा ‘सीआरझेड-१ अ’ गटात मोडतात. मात्र वाळूपासून थोड्या अंतरावर काय बांधले जाईल आणि तिथले दिवे कुठे तोंड करून लागतील, हे गावाच्या आणि स्थानिक प्रशासनाच्या निर्णयावर ठरणार आहे.

पाहुण्यांची सोय घरातच करण्याची पद्धत राज्याला नवी नाही. ‘निवास न्याहारी’ योजना त्याच तत्त्वावर चालते. वेळासला आता शनिवार-रविवारी जागा मिळत नाही. तेव्हा तिथे गर्दी वाढवण्यापेक्षा आंजर्ल्यासारख्या, कासवे येणाऱ्या दुसऱ्या किनारी गावांचा विचार करता येईल. तिथेही फोन करूनच जावे आणि घरात राहण्याचीच जागा मागावी. अशा मुक्कामांतूनच त्या घरांचा हंगाम चालतो, आणि घरांचा हंगाम चालला तर किनाऱ्यावरची गस्तही चालू राहते.