दस्त अस्सल, पण इच्छा कोणाची?

आपल्या संग्रहांत बक्षीसपत्रें बरींच असतात. कागद, शाई, मोडीचें वळण, शिक्का व मिति ताडून दस्त अस्सल कीं बनावट, हें आपण ठरवितों. परंतु सही कर्त्याचीच असली तरी ती त्यानें खुशीनें केली काय, हा प्रश्न तेवढ्यानें सुटत नाहीं.

कायद्यानेंही हे दोन प्रश्न वेगळे ठेविले आहेत. तीस वर्षांचा दस्त योग्य ताब्यांतून आला, तर हस्ताक्षर खरें असून दस्त रीतसर झाला, असें न्यायालयास गृहीत धरतां येतें. त्यामागें दडपण होतें काय, याविषयीं तें कलम मुग्ध आहे. दडपणाचा विचार १८७२ च्या करार कायद्याच्या १६ व्या कलमांत आहे. दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजविण्याजोगी स्थिति, आणि तिचा गैरवाजवी लाभासाठीं केलेला उपयोग, या दोन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. हेंच तत्त्व बक्षीसपत्रास लागू असून केवळ वार्धक्य व नातें यांवरून दडपणाचें अनुमान निघत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६६ सालीं ठरविलें.

म्हणून कर्त्याच्या मनःस्थितीविषयीं वैद्यकतज्ज्ञाची साक्ष काढितात. साक्षीपुराव्याच्या १८७२ च्या कायद्यांतील ४५ वें कलम या कामीं लागू असे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा नव्या अधिनियमाच्या ३९ व्या कलमानें घेतली आहे. तथापि तज्ज्ञ म्हणवून घेणाऱ्याची पारख आधीं व्हावयास हवी. ती आम्ही चार प्रश्नांनीं करावी म्हणतों.

पहिला, याच विषयाचा त्याचा विशेष अभ्यास वा अनुभव आहे काय? सफरचंदांच्या पिकाच्या अंदाजाविषयींच्या एका हिमाचली खटल्यांत, १९९९ सालीं, केवळ अधिकारपदामुळें कोणी तज्ज्ञ ठरत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें मानिलें. दुसरा, त्यानें कर्त्यास स्वतः तपासलें, कीं मरणोत्तर कागदांवरूनच मत बनविलें? कागदांवरून असल्यास तसें त्यानें उघड सांगावें. तिसरा, उभय पक्षांचीं साधनें पाहिलीं, कीं बोलावणाऱ्यानें दिलेलीं तेवढींच? चौथा, मतामागील कारणें तो न्यायाधीशास पडताळतां येतील अशीं मांडतो काय?

या कसोटीस उतरलेला तज्ज्ञही, कर्ता आजारानें परावलंबी व सहज वळणारा होता, एवढेंच सांगूं शकतो. दडपण प्रत्यक्ष आलें काय, हें ठरविणें न्यायालयाचें काम.

हीच मर्यादा संग्राहकानेंही पाळावी. आपणांस साक्षीस बोलावणें आलें, तर "अक्षर त्याचें आहे" इतकें सांगून थांबावें. "म्हणून इच्छाही त्याचीच" हें पुढचें वाक्य आपल्या तोंडून निघालें, तर एखाद्या वारसाचा हक्क विनापुरावा बुडेल.