महसुलाची नोटीस आढ्याला खोचू नका



कोतवाल नोटीस देऊन गेला की ती बहुधा आढ्याला खोचली जाते. "ऊस गेल्यावर बघू," म्हणून विषय संपतो. पण सरकारी देण्यात प्रत्येक पायरीला मुदत असते. ती टळली की सोपा मार्ग बंद होतो.

माण, खटाव, आटपाडी, जत भागातल्या जुन्या माणसांना 1972 चा दुष्काळ आठवत असेल. शेतसारा किंवा तगाई थकून सरकारजमा झालेल्या जमिनींना 'आकारी पड' म्हणतात. लिलावात कोणी बोली लावली नाही, तर सरकार नाममात्र बोलीने जमीन घेते. बाकी आणि खर्च भरून ती सोडवायला 12 वर्षांची मुदत होती. अनेक घरांत ती निघून गेली. अखेर जानेवारी 2025 मध्ये, बाजारमूल्याच्या 5 टक्के रक्कम घेऊन अशा जमिनी मूळ खातेदारांना किंवा वारसांना परत देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. तुमच्या घरची अशी जमीन गेली असेल, तर जुने सात-बारा आणि फेरफार घेऊन तहसील कचेरीत चौकशी करा.

पण बैल गेल्यावर झोपा करण्यापेक्षा आधीच काय करावे, ते पाहू.

नोटीस आली की आधी तारीख आणि आकडा वाचा. तलाठ्याकडून 8-अ चा उतारा घ्या आणि घरच्या पावत्यांशी ताडून बघा. भरलेली रक्कम बाकी दाखवली असेल, तर पावतीची नक्कल जोडून तहसीलदारांना अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलणे कागदावर येत नाही. आकडा बरोबर असेल, तर लवकर भरा; उशीर झाला तर बाकीच्या चौथाईपर्यंत दंड बसू शकतो. कालव्याची पाणीपट्टीही महसुलासारखीच वसूल होऊ शकते, हे ताकारी, म्हैसाळ, टेंभूच्या लाभक्षेत्रातल्यांनी ध्यानात ठेवावे.

दुष्काळ जाहीर झाला असेल, तर सवलत विचारा. 2023 साली वाई, खंडाळा, शिराळा, कडेगाव, खानापूर आणि मिरज हे तालुके जाहीर झाले, तेव्हा जमीन महसुलात सूट आणि शेतीपंपाच्या वीजबिलात 33.5 टक्के सवलत होती. सवलत असूनही पूर्ण आकारणी झाली असेल, तर तसे लेखी कळवा.

तहसीलदारांचा निकाल पटला नाही, तर प्रांतांकडे 60 दिवसांत अपील करता येते. वसुली थांबवायची असेल, तर अपिलाबरोबरच स्थगितीचा अर्ज द्या. नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही. आणि जमिनीचा लिलाव झालाच, तरी हाय खाऊ नका. 30 दिवसांच्या आत बाकी आणि खरेदीदारासाठी बोलीच्या 5 टक्के रक्कम भरून लिलाव रद्द करण्याचा अर्ज देता येतो. शेतकऱ्याला पोटासाठी लागणारे बैल, अवजारे आणि बियाणे यांना कायद्याने जप्तीपासून संरक्षण आहे.

ग्रामपंचायतीची घरपट्टी, पाणीपट्टी अशी प्रकरणे लोकअदालतीतही मिटतात. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून वाचून, समजून मगच सही करा. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बायामाणसांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कारभार अंगावर पडलेल्या विधवा भगिनींनी हे जरूर लक्षात ठेवावे.

शेवटी एकच सांगणे. पावत्या, उतारे, नोटिसा एका पिशवीत ठेवा आणि ती घरातल्या शिकलेल्या लेकीकडे किंवा सुनेकडे सोपवा. ती तारखा विसरणार नाही.