नादखुळा की बकवास? कारण सांगा!

पिक्चर सुटला की तुमचा निकाल तयारच असतो: ‘नादखुळा!’ नाहीतर ‘बकवास!’ पण का? तिथं गाडी अडते.

याच कोल्हापुरात ना. सी. फडके राजाराम कॉलेजात शिकवायचे. १९३८ साली वि. स. खांडेकर शिरोड्याहून इथं आले. फडके म्हणायचे, कला कलेसाठी. खांडेकर म्हणायचे, जीवनासाठी. त्या वादानं वाचकाच्या हातात दोन मापं आली. समीक्षक निकालासोबत माप दाखवतो, म्हणून त्याच्याशी भांडता येतं. नुसत्या स्टार्सशी काय भांडणार?

वर्गातल्या दोस्ताची एकांकिका ‘बकवास’ म्हणालात, तर तो पुढची लिहायचंच सोडेल. ‘दुसरा प्रवेश लांबला’ म्हणालात, तर घरी जाऊन कात्री लावेल. बघा, काय म्हणायचं ते!