‘अजून दूध उतरलं नाही’: बाळाच्या पहिल्या तीन दिवसांविषयीचा गैरसमज

बाळंतपण होऊन तास उलटत नाही तोच प्रश्न येतो, ‘अजून दूध उतरलं नाही, तोवर बाळाला काय द्यायचं?’ विचारणारी कधी आजी असते, कधी आत्या, कधी बाळाचा बाबा. त्यामागची काळजी खरी असते. पण बहुतेक वेळा उत्तराची वाट न पाहता कुणीतरी मधाचं बोट चाटवलेलं असतं, कुणी गूळपाण्यात कापूस भिजवलेला असतो, नाहीतर डब्याचं दूध आणायला कुणी औषधाच्या दुकानाकडे धावलेलं असतं. हे शिकल्यासवरल्या घरांत होतं आणि मोठ्या शहरांतल्या महागड्या रुग्णालयांतही होतं. म्हणून पुन्हा एकदा स्पष्ट सांगायला हवं की दूध पहिल्या दिवशीही असतं. त्यालाच चीक म्हणतात.

गरोदरपणाच्या मध्यावरच स्तनांत चीक तयार होऊ लागतो. बाळंतपणात वार पडली की प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं प्रमाण झपाट्याने खाली येतं. त्यामुळे प्रोलॅक्टिनला वाट मोकळी होते आणि दोन ते चार दिवसांत छाती भरून येते, दूध वाढतं. लोक ज्याला ‘दूध उतरलं’ म्हणतात, ती ही वाढ. तिच्या आधीचे दिवस कोरडे नसतात.

चीक थोडा असतो, हे खरं आहे. बाळाची गरजही तेवढीच असते. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार पहिल्या चोवीस तासांत निरोगी बाळ एका वेळी साधारण 2 ते 10 मिलिलिटर दूध घेतं आणि तिसऱ्या दिवशी 15 ते 30. दोन मिलिलिटर म्हणजे चहाचा अर्धा चमचासुद्धा नाही. म्हणूनच ‘आम्ही पिळून पाहिलं, दोन थेंबसुद्धा आले नाहीत’ हा पुरावा मला मान्य नाही. थकलेल्या, दुखऱ्या, घाबरलेल्या बाईची छाती चारचौघांत दाबून दूध मोजता येत नाही. बाळाचं चोखणं वेगळं असतं आणि दूध त्यानेच वाहतं.

दुसरा आक्षेप रंगाचा. पिवळसर, चिकट, म्हणून ते साठलेलं, खराब दूध, पिळून टाकायचं. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. आतड्याच्या आतल्या बाजूला संरक्षण देणारी प्रतिद्रव्यं, लॅक्टोफेरिन, पांढऱ्या पेशी आणि ‘अ’ जीवनसत्त्व चिकात भरपूर असतं. चिकामुळे बाळाची पहिली काळी शी लवकर बाहेर पडते आणि तिच्याबरोबर कावीळ वाढवणारं बिलिरुबिनही जातं. गाय व्याली की वासराला आधी चीक पाजायचा, हे गोठ्यातल्या कुणालाही शिकवावं लागत नाही. माणसाच्या बाळाला काही प्रतिद्रव्यं वारेतून आधीच मिळतात, वासराला तीही मिळत नाहीत, एवढाच फरक. मग वासराला जे कळकळीने पाजलं जातं, ते नातवंडाच्या वाट्याचं मोरीत का जावं?

‘शास्त्रातच लिहिलंय’ असंही ऐकवलं जातं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतं, तोवर मध-तूप द्यावं, असं आहे खरं. दूध त्या सुमारास वाढतं हे निरीक्षण अचूक आहे. पण चिकात काय असतं आणि मधात कोणता जंतू दडू शकतो, हे पाहण्याचं साधन त्या काळी नव्हतं. आज आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. बाळाच्या आतड्यात ते रुजले तर त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात, श्वाससुद्धा थांबू शकतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. सोन्याच्या अंगठीने चाटवला तरी नाही.

सर्वात संताप येतो तो पुढच्या फेऱ्याचा. वरच्या दुधाने पोट भरलेलं बाळ झोपतं, आईला चोखत नाही. चोखणं कमी झालं की दूध बनणंही कमी होतं, कारण स्तन रिकामे होतील तसंच नवं दूध तयार होतं. मग चौथ्या दिवशी निकाल लागतो, ‘बघा, हिला दूध नाहीच.’ टंचाई घरानेच आणलेली असते आणि दोष त्या ओल्या बाळंतिणीच्या माथी मारला जातो.

आईचं दूध पाजायला होणारा हा उशीर किती महागात पडतो? घानाच्या ग्रामीण भागातल्या 10,947 बाळांचा अभ्यास 2006 साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला. सगळ्या बाळांना पहिल्या तासात अंगावर घेतलं तर पहिल्या महिन्यातले सुमारे 22 टक्के मृत्यू टळू शकतील, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे, पण पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली मुलं फक्त 41.8 टक्के. म्हणजे डॉक्टर-परिचारिका हाताशी असताना हे घडतं. ही जबाबदारी आमच्या क्षेत्रावरही येते.

मग दूध पुरतंय हे ओळखायचं कसं? रडण्यावरून नाही; बाळ ओलं झालं, गार पडलं, एकटं वाटलं तरी रडतं. दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजलं जातंय का, पाचव्या दिवसापासून 6 किंवा अधिक वेळा लघवी होतेय का, काळी शी पिवळी झाली का, हे पाहा. सुरुवातीला वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर येतं. मात्र बाळ मलूल असेल, चोखत नसेल, लघवी कमी असेल, कावीळ वाढत असेल किंवा वजन 10 टक्क्यांच्या आसपास घटलं असेल, तर घरी थांबू नका. काही बाळांना वरच्या दुधाची खरोखर गरज लागते. ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं आणि शक्य तिथे आधी आईचं काढलेलं किंवा दूधपेढीतलं दूध द्यायचं. मुंबईच्या शीव रुग्णालयात आशियातली पहिली दूधपेढी 1989 साली सुरू झाली.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. सिझेरियन झालं म्हणून थांबायचं कारण नाही. आई शुद्धीवर असली की मदतीने पाजता येतं. उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नको, आईच्या दुधात जवळजवळ 88 टक्के पाणीच असतं. गाईचं दूध ‘हलकं’ नसतं, त्यातली प्रथिनं आणि क्षार नवजात बाळाच्या मूत्रपिंडांवर भार टाकतात. सहाणेवरची गुटी जंतूंना वाट देते. अळीव-डिंकाचे लाडू बाळंतिणीने खुशाल खावेत, पण दूध वाढतं ते वारंवार पाजल्याने. आणि कंपनीने बाळंतिणीला डब्याचा फुकट नमुना देणं 1992 च्या कायद्याने गुन्हा आहे.

बाळंतपणाची पिशवी भरताना मधाची बाटली, दुधाचा डबा आणि बोंडलं घरीच ठेवा. बाळ जन्मल्यावर त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सांगा, तोंडात स्तन नीट धरवायला परिचारिकेची मदत मागा, ती आली नाही तर पुन्हा मागा, आणि पहिले तीन दिवस त्या आईला ‘तुला दूध नाही’ असं कुणालाही म्हणू देऊ नका.